कंपायलर मराठीला टोपी घालतो

कंपायलरची एरर एकदा नीट बघा. सुरुवातीला फाइलचं नाव, त्याला कोलनने चिकटवलेले दोन आकडे: ओळ आणि कॉलम. मग इंग्रजीतलं एक वाक्य. आणि त्याखाली तुमचीच ओळ पुन्हा छापून, तिच्या पोटाखाली एक छोटीशी टोपी. तिला कॅरेट म्हणतात, कीबोर्डवर ती सहाच्या आकड्यावर बसलेली असते. तिला एवढंच काम दिलेलं असतं की बोट दाखवायचं: गडबड इथे आहे.

या सगळ्यात ती टोपी मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि त्याचं कारण साधं आहे. एररमधला तेवढाच भाग इंग्रजी नसतो. मराठी माध्यमातून डिप्लोमाला आलेली मुलगी ‘एक्स्पेक्टेड अनक्वालिफाइड आयडी बिफोर न्यूमरिक कॉन्स्टंट’ वाचून काय समजेल? खरं सांगायचं तर कॉन्व्हेंटवालीलाही त्यातून काही समजत नाही. पण टोपी कुठे आहे ते दोघींना दिसतं. टोपीच्या वर बघायचं, निसटलेला अर्धविराम किंवा जास्तीचा कंस शोधायचा, पुन्हा चालवायचं. आपल्यातले बहुतेक जण प्रोग्रामिंग असंच शिकलो. वाक्य वाचून नाही, बोटाच्या दिशेने बघून.

आणि नेमकं तेच बोट, ओळीत मराठी मजकूर आला की, भलतीकडे वळतं.

उदाहरण घेऊ. समजा एका ओळीच्या सुरुवातीला आठ रोमन अक्षरं आहेत, काहीतरी छापण्याची आज्ञा. मग अवतरणचिन्ह, मग ‘नमस्कार मंडळी’, मग अवतरणचिन्ह बंद. आणि त्याला लागूनच चूक, म्हणजे जिथे स्वल्पविराम हवा तिथे दुसरंच काहीतरी. ही चूक कितव्या कॉलमवर आहे?

बाइट मोजले तर ४८. कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे नुसती अक्षरं नाहीत. काना, वेलांटी, अनुस्वार, ‘स’चा मोडलेला पाय, हे सगळे वेगवेगळे. युनिकोडची चिन्हं मोजली तर २४. टर्मिनलची घरं मोजायची जी जुनी रूढ पद्धत आहे, जिच्यात अनुस्वार आणि हलंताला शून्य घर पण काना आणि दीर्घ वेलांटीला एक घर मिळतं, तिच्याप्रमाणे २२. आणि माणूस अक्षरं मोजतो तशी मोजली, म्हणजे न, म, स्का, र, तर १९.

जागा एकच, पत्ते चार. यातला कुठलाही आकडा स्वतःपुरता चुकीचा नाही. प्रत्येकामागे काहीतरी हिशोब आहे. लबाडी आहे ती एकक न सांगण्यात. दूधवाल्याने दारात उभं राहून नुसतं ‘अडीच’ म्हणावं, आणि ते लिटर की दिवस की रुपये हे तुम्ही ओळखावं, तसं हे आहे. जगातली बहुतेक टूल्स आपल्याला रोज नुसतं ‘अडीच’ म्हणतात.

हे असं का झालं, तर कॉलम नावाची गोष्ट मुळात मोजायची नव्हतीच, ती बोटाने चाचपायची होती. आयबीएमचं ८० रकान्यांचं पंचकार्ड १९२८ सालचं. पुठ्ठ्यावर ८० उभे रकाने, एका रकान्यात एक अक्षर, भोकं पाडून. फोरट्रान आली तेव्हा तिने या रकान्यांनाच व्याकरण करून टाकलं: पहिल्या पाच रकान्यांत विधानाचा क्रमांक, सहावा रकाना मागची ओळ पुढे चालू आहे हे सांगायला, ७ ते ७२ मध्ये खरं विधान, आणि ७३ ते ८० कंपायलर बघणारच नाही. तिथे ‘कॉलम २३’ म्हणजे पुठ्ठ्यावरची एक खरी जागा होती. मग टर्मिनल आले, तेही ८० घरांचे. त्यात आस्कीची भर, आणि एक अक्षर, एक बाइट, एक घर हे समीकरण इतकं घट्ट बसलं की तीन वेगळ्या गोष्टी आहेत हेच लोक विसरले. इंग्रजीत आजही ते समीकरण खरं ठरतं. म्हणून इंग्रजीत कोड लिहिणाऱ्याला हा प्रश्न कधी दिसतच नाही, आणि ज्याला प्रश्न दिसत नाही तोच बहुतेक वेळा कंपायलर लिहीत असतो.

आता कंपायलरच्या पोटात काय चालतं ते थोडं बघू, कारण ‘हे करणं महाग आहे’ असं जे सांगितलं जातं त्याचा निकाल तिथेच लागतो.

कंपायलरसाठी तुमची फाइल म्हणजे बाइटांची एक लांबलचक माळ. त्यात ओळी नसतात, कॉलम नसतात. लेक्सर माळेवरून सरकतो, शब्द तोडतो आणि प्रत्येक शब्द माळेत कितव्या मण्यापासून सुरू झाला तेवढं लिहून ठेवतो. क्लँगमध्ये ही नोंद फक्त ३२ बिटांची असते. एक बिट हे ठिकाण थेट फाइलमधलं आहे की मॅक्रोतून आलंय हे सांगायला, आणि बाकीच्यांत एकच संख्या. फाइली अनेक असल्या तरी त्या जणू एकापुढे एक मांडून एकाच संख्यारेषेवर ठेवलेल्या असतात, त्यामुळे एका आकड्यातून फाइल आणि तिच्यातली जागा दोन्ही कळतात. रस्टचा कंपायलर हेच करतो. गोच्या प्रमाणित लायब्ररीतला पार्सर हेच करतो. हे उत्तम आहे, याबद्दल माझी काही तक्रार नाही. लाखो शब्दांपैकी प्रत्येकाबरोबर ओळ आणि कॉलम असे दोन आकडे वागवत बसणं वेडेपणाचंच ठरेल.

ओळीचा आकडा लागतो तो फक्त एरर छापताना. त्यासाठी एक तक्ता असतो: प्रत्येक ओळ कितव्या बाइटपासून सुरू होते. हा तक्ता चढत्या क्रमाने असतो, म्हणून त्यात शोधायची रीत शब्दकोशात शब्द शोधण्याची: मधलं पान उघडा, पुढे आहे की मागे ते बघा, उरलेल्याचं मधलं पान उघडा. दहा हजार ओळींच्या फाइलमध्ये चौदा वेळा तुलना केली की ओळ हातात. तक्त्याला जागा लागते ४० केबी, एका ओळीला चार बाइट धरून. म्हणजे काहीच नाही.

ओळ सापडली. आता चुकीच्या जागेच्या आकड्यातून ओळीच्या सुरुवातीचा आकडा वजा करा, एक मिळवा. हा झाला कॉलम.

आणि इथे, या वजाबाकीनंतर, लोक हात झटकून उठतात. कारण इंग्रजीत काम संपलेलं असतं.

पण ती वजाबाकी बाइटांची आहे. तिचं उत्तर बाइटांत आहे. पुढचं काम एवढंच उरतं की त्या एका ओळीचा चुकीपर्यंतचा तुकडा घ्यायचा, दीडदोनशे बाइट असेल फार तर, आणि त्यातली चिन्हं किंवा अक्षरं मोजायची. तेही एरर छापताना, म्हणजे कंपायलर हरल्यावर, जेव्हा त्याला दुसरं कामच नसतं. इथे वेगाचा मुद्दा काढणारा माणूस एकतर प्रोफायलर न चालवता बोलतोय किंवा त्याला सबब हवी आहे.

एक ठिकाण आहे जिथे वेगाचा मुद्दा खरा आहे, आणि तो मान्य करायला हवा. एडिटरमागे चालणारे लँग्वेज सर्व्हर प्रत्येक कळ दाबली की शेकडो जागा इकडून तिकडे भाषांतरित करत असतात. पण तिथेही उत्तर सापडलेलं आहे. रस्ट-ॲनालायझर ओळींच्या तक्त्याशेजारी आणखी एक छोटी नोंद ठेवतो: कुठल्या ओळीत आस्कीबाहेरची चिन्हं आहेत आणि कुठे. ज्या ओळीत नाहीत तिथे साधी वजाबाकी चालते, ज्या ओळीत आहेत तिथे तेवढी दुरुस्ती. ज्यांना करायचं होतं त्यांनी केलं.

आता वेगवेगळ्या भाषांच्या दारात जाऊन ‘कॉलम म्हणजे काय हो?’ असं विचारून बघू.

गो सांगते, बाइट. तिच्या कागदपत्रांत तसं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे निदान फसवणूक नाही. पण इथे एक विचित्र गोष्ट आहे. यूटीएफ-८ ची रचना १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी केली, न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदी मॅटवर. आणि हेच दोघे गोच्या तीन जनकांपैकी दोन. जगभरच्या लिप्या एका माळेत कशा ओवायच्या हे ज्यांनी दाखवलं, त्यांच्याच भाषेत मराठी ओळीतला कॉलम तिप्पट फुगून येतो. त्याहून पुढची गोष्ट व्हेरिएबलच्या नावांची. गोमध्ये ‘वय’ नावाचं व्हेरिएबल चालतं, ‘नाव’ चालत नाही. ‘घर’ चालतं, ‘किंमत’ नाही. कारण नावात अक्षरं आणि अंक चालतात, पण काना, मात्रा, वेलांटी ही युनिकोडच्या हिशोबात अक्षरं नव्हेत, जोडचिन्हं आहेत, आणि ती जाणूनबुजून वगळली आहेत. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत याची कबुली आहे, देवनागरीचं नाव घेऊन. टॅबने आत सरकवलेल्या ओळीत ‘नाव’ लिहून बघा. कंपायलर सांगेल की नावात अवैध चिन्ह आहे, कॉलम ५. स्क्रीनवर तुम्हाला टॅबनंतरचं पहिलं अक्षर ‘ना’ दिसतं. पाच कुठून आलं? टॅबचा एक बाइट, ‘न’चे तीन, पाचवा बाइट काना सुरू होतो तिथला. हिशोब बरोबर आहे. पण तो माणसासाठी केलेला नाही.

पायथॉनकडे तर एकाच घरात दोन चुली आहेत. सिंटॅक्स एरर जो कॉलम देते तो चिन्हांमध्ये, एकपासून मोजलेला. कोडचं झाड करून देणाऱ्या मॉड्यूलमध्ये जो कॉलम मिळतो तो यूटीएफ-८ च्या बाइटांमध्ये, शून्यापासून मोजलेला. दोन्ही ठिकाणी कागदपत्रं प्रामाणिक आहेत, पण दोन्ही एकत्र वापरणारं टूल लिहिणाऱ्याने ती वाचलेली असतील याची हमी कोण देणार? आणि ३.११ पासून ट्रेसबॅकमध्ये ज्या टोप्यांच्या रांगा दिसतात, त्यांच्याबाबतीत अलीकडच्या आवृत्त्यांनी चिनी-जपानी रुंद अक्षरांना दोन घरं धरायला सुरुवात केली. काना, अनुस्वार, हलंत यांना मात्र प्रत्येकी अख्खं एक घर. म्हणजे ‘नमस्कार’ला सात घरं.

रस्ट चिन्हं मोजतो, आणि पोटात कॉलमचे दोन वेगळे आकडे ठेवतो: एक चिन्हांचा, एक स्क्रीनवर दाखवताना लागणाऱ्या घरांचा. यंत्रासाठी जो जेसन निघतो त्यात बाइटांची जागा वेगळी आणि कॉलम वेगळा दिलेला असतो. हे मला सभ्यपणाचं वाटतं. क्लँगमध्ये आकडा बाइटांचा, पण टोपी घरांच्या हिशोबाने. म्हणजे आकडा एकीकडे, बोट दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच एररमध्ये. जीसीसीने २०२१ मध्ये, ११ व्या आवृत्तीत, आकडाही घरांमध्ये द्यायला सुरुवात केली आणि ज्याला बाइट हवेत त्याच्यासाठी एक पर्याय ठेवला. पर्यायाच्या नावातच ‘युनिट’ हा शब्द आहे. एवढंच हवं होतं. एकक सांगा, मग काय मोजायचं ते मोजा.

आणि मग जावास्क्रिप्टचं जग. तिथे १६ बिटांचे तुकडे मोजतात, कारण नव्वदच्या दशकात सगळ्या जगाच्या लिप्या १६ बिटांत मावतील अशी समजूत होती. ती समजूत गेली, मोजमाप राहिलं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एडिटर आणि भाषा यांच्यातला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला तेव्हा हेच मोजमाप त्यात गेलं, आणि मग ज्या भाषांचा जावास्क्रिप्टशी काही संबंध नाही त्यांच्या सर्व्हरनाही ते करणं भाग पडलं. २०२२ च्या ३.१७ आवृत्तीत शेवटी दोन्ही बाजूंनी आधी बोलून एकक ठरवायची सोय झाली. तीही ऐच्छिक.

यातली एक बारीक गोष्ट मराठी वाचकांनी लक्षात ठेवावी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह १६ बिटांच्या एका तुकड्यात मावतं, त्यामुळे या मोजणीत आणि चिन्हांच्या मोजणीत आपल्याला फरक दिसत नाही. इमोजीला मात्र दोन तुकडे लागतात. म्हणून इमोजी टाकला की कित्येक एडिटरांत लाल रेघ सरकायची, आणि इमोजी सगळं जग वापरतं. आपला काना जगाच्या कुणाच्याच स्क्रीनवर नव्हता.

आतापर्यंत मी सोपं उदाहरण घेतलं. आता खास मराठीतलं घेतो, कारण हिंदीवालेही इथे अडकत नाहीत. ‘तऱ्हा’ हा शब्द लिहा. त्यातला तो वाकडा, कोयत्यासारखा र संगणकावर किमान दोन रूढ पद्धतींनी लिहिता येतो. एक, नुक्तावाला ऱ, मग हलंत, मग ह. दोन, साधा र, मग हलंत, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. आणि नुक्तावाला ऱ हासुद्धा एक चिन्ह म्हणून साठवता येतो किंवा र आणि नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पहिल्या पद्धतीत ‘तऱ्हा’ म्हणजे पाच चिन्हं, १५ बाइट. बाकी दोन्हींत सहा चिन्हं, १८ बाइट. चांगल्या फाँटमध्ये तिन्ही डोळ्यांना सारखेच. तुम्ही आणि तुमच्या मित्राने एकच ओळ वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केली तर एकाच चुकीचा कॉलम तुमच्याकडे वेगळा, त्याच्याकडे वेगळा. फोनवर बोलताना ‘माझ्याकडे ३१ दाखवतंय’, ‘माझ्याकडे ३४’. दोघांच्या फाइली बाजूबाजूला ठेवून कितीही रोखून बघितल्या तरी कारण दिसणार नाही.

फक्त एक मोजणी अशी आहे जिच्यात तिन्ही ‘तऱ्हा’ सारख्या भरतात: माणसाला दिसणारी अक्षरं. दोन. त, ऱ्हा. आणि हीही गोष्ट युनिकोडच्या नियमांत उशिरा आली. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत सर्वसाधारण नियम हलंतापाशी अक्षर तोडायचा, म्हणजे ‘नमस्कार’मधला ‘स्’ वेगळा आणि ‘का’ वेगळा. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम तेव्हा आला. बालवाडीतल्या पोराला जे एक अक्षर म्हणून गिरवायला देतात, ते एक आहे हे मान्य व्हायला २०२३ उजाडलं.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारा: कोडमध्ये मराठी लिहायला सांगितलं कुणी? सगळं इंग्रजीत ठेवा, प्रश्न मिटला. हा सल्ला आपल्याकडे सीनियर लोक फार प्रेमाने देतात. मला त्याची चीड येते, कारण तो टूलचा दोष भाषेच्या गळ्यात बांधतो. आणि तो व्यवहारातही टिकत नाही. व्हेरिएबलची नावं इंग्रजीत ठेवाल, कॉमेंटही ठेवाल. पण पावतीवर ‘एकूण रक्कम’ छापायचं असेल तर ते शब्द कुठेतरी लिहावेच लागणार. टेस्टमध्ये मराठी नाव घालून बघायचं असेल तर ते घालावंच लागणार. ॲप मराठीत करायचं म्हटलं की सगळा मजकूर एका भाषांतराच्या फाइलमध्ये जातो, बहुतेकदा जेसनमध्ये, आणि ती फाइल बरेचदा भरणारा माणूस प्रोग्रामर नसतोच. तो भाषांतरकार असतो. त्याच्या हातून एक स्वल्पविराम जास्त पडला, तर क्रोमचा जेसन वाचणारा बरीच वर्षं काय सांगायचा? ‘पोझिशन २८५७.’ ओळ नाही, कॉलम नाही. फाइलच्या सुरुवातीपासून १६ बिटांचे तुकडे मोजत या. हे वाक्य ज्या माणसाला उद्देशून आहे त्याने कधी बाइट हा शब्दही ऐकलेला नसेल.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं किरकोळ आहे, कंपायलर लिहिणाऱ्यांना याहून मोठी कामं आहेत. यावर मी २०२१ चा नोव्हेंबर आठवून देईन. केंब्रिजच्या दोन संशोधकांनी तेव्हा दाखवून दिलं की उर्दू-अरबीसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठीची अदृश्य दिशाचिन्हं वापरून कोड असा लिहिता येतो की तपासणाऱ्याला दिसतं एक आणि कंपायलर वाचतो दुसरंच. ट्रोजन सोर्स म्हणतात त्याला. ज्या दिवशी हे जाहीर झालं त्याच दिवशी रस्टची दुरुस्त आवृत्ती आली. जीसीसीच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत त्यासाठी खास इशारा आला. म्हणजे डोळ्याला दिसतं ते आणि कंपायलरला दिसतं ते यांतलं अंतर बुजवता येतं. अमेरिकेतल्या बँकेचा कोड धोक्यात आला तर आठवड्यांत. नाशिकच्या विद्यार्थिनीची टोपी सरकली तर ‘पुल रिक्वेस्ट पाठवा’.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. कंपायलरने अक्षरं कितीही नीट मोजली तरी छापणार टर्मिनल. आणि टर्मिनल देवनागरीला किती घरं देईल हे कंपायलरला कळूच शकत नाही. ‘स्का’ला एक टर्मिनल एक घर देतं, दुसरं दोन, तिसरं तीन घरांत स, हलंत, क, काना असे सुटे भाग मांडून मोकळं होतं. देवनागरीचे फाँट मुळात समान रुंदीचे नसतातच. ‘र’ आणि ‘क्ष’ एका मापाच्या चौकटीत कोंबायचे म्हटले तर एकाचा तरी जीव जातो. मग टोपी बरोबर अक्षराखाली येणार कशी?

नाही येणार. आणि म्हणूनच मला वाटतं की भांडण मोजणीपाशी थांबवून चालणार नाही. खालच्या ओळीत जागा सोडत सोडत टोपी ठेवायची ही कल्पनाच पंचकार्डाची आहे. वरच्या ओळीतलं प्रत्येक अक्षर आणि खालच्या ओळीतली प्रत्येक मोकळी जागा सारख्या रुंदीची असेल, हे तिने गृहीत धरलंय. ज्या लिप्यांत ते खरं नाही तिथे कितीही हुशारीने मोजलं तरी ते अंदाजपंचे.

त्यापेक्षा खूण त्याच ओळीत, त्याच शब्दावर करा. टर्मिनलला अधोरेखन गेली कित्येक दशकं येतं. चुकीचा शब्द सुरू होण्याआधी एक संकेत, संपल्यावर दुसरा, मधला मजकूर कितीही रुंद असो. एकही घर मोजावं लागत नाही. रंगाचंही तेच, जीसीसी टर्मिनलवर मूळ ओळीतल्या त्या तुकड्याला रंग देतोच. यावर लोक म्हणतात, लॉग फाइलमध्ये रंग टिकत नाही. बरोबर. मग तिथे चुकीचा शब्द संदेशातच अवतरणात लिहा: अमुक शब्दाजवळ, अमुक शब्दाच्या आधी. ओळीचा आकडा आणि तो शब्द एवढ्यावर माणसाला जागा सापडते, शोध-सुविधेत टाकला की एका क्षणात. आणि चिन्ह अदृश्य असेल तर त्याचा युनिकोड क्रमांक सांगा. पायथॉन हे आता करतो: वेबसाइटवरून कॉपी केलेल्या कोडमध्ये न दिसणारी जागा शिरली असेल तर कुठल्या क्रमांकाचं चिन्ह आहे ते सांगतो. हे वाचून निदान शोधता तरी येतं.

कॉलमचा आकडा उडवून टाका असं मी म्हणत नाही. एडिटरला उडी मारायला तो लागतो, दृष्टिहीन प्रोग्रामरला टोपीपेक्षा तोच उपयोगी. पण तो यंत्राचा पत्ता आहे हे मान्य करून त्याच्याबरोबर एकक द्या, आणि मूळ बाइटांची जागाही द्या, म्हणजे ज्याला जे हवं ते त्याला काढता येईल. यंत्रासाठीच्या आउटपुटमध्ये एका शब्दाची भर. त्याने कुणाचं काही मोडत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण परदेशी टूलांना शिव्या देऊन लेख संपवणं फार सोयीचं आहे. चिनी-जपानी अक्षरांना दोन घरं मिळाली ती कुणाच्या दयेने नाही. त्या भाषांतले लोक आपली अक्षरं रोज टर्मिनलवर टाइप करत होते, ती मोडली की ओरडत होते आणि पॅच पाठवत होते. आपण? पुणे, हिंजवडी, बंगळूर, सिॲटल, कुठेही जा, कंपायलर आणि एडिटरच्या टीममध्ये भारतीय आडनावं भेटतात. त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्याच टूलच्या टेस्टमध्ये आपल्या आईचं नाव मराठीत टाइप करून बघितलं असेल? आपण टेस्टमध्ये ‘हॅलो वर्ल्ड’ लिहितो, आणि युनिकोड तपासायचा म्हटलं की जर्मन उमलाउट आणि एक हसरा इमोजी टाकतो. उमलाउटला दोन बाइट, एक चिन्ह, एक घर, आणि जोडाक्षर नाही. त्याने आपलं काहीच तपासलं जात नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ओळ-कॉलम काढणारं फंक्शन असेल तर त्याच्या टेस्टमध्ये ‘तऱ्हा’ घाला, तिन्ही पद्धतींनी लिहिलेली. त्यापुढे एक मुद्दाम केलेली चूक. मग काय येतं ते बघा.

आणि बग नोंदवताना नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका. पलीकडच्या माणसाच्या फाँटमध्ये ती ओळ वेगळी दिसेल, आणि तो ‘माझ्याकडे बरोबर दिसतंय’ म्हणून बग बंद करेल. ओळीचे बाइट हेक्समध्ये द्या, कंपायलरने दिलेला आकडा द्या, अपेक्षित आकडा कुठल्या एककात ते लिहा, टर्मिनलचं नाव आणि आवृत्ती लिहा. शेवटी एका ओळीत सांगा की हा शब्द मराठीत रोज वापरला जातो. नाहीतर तुमच्या बगला ‘एज केस’चं लेबल चिकटवून तो मागच्या रांगेत टाकला जाईल.